पिल्लूची म्होरकी

माणसाला भीती कशाची वाटावी याला काही धरबंध नसतो. पण जपूनरावांनी घाबरण्यातही शिस्त आणली होती. विमा कंपनीच्या अपघात विभागात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. दिवसभर ते लोकांचे दावे वाचत, आणि वाचता वाचता त्यांना कळून चुकलं होतं की या जगात निरुपद्रवी अशी वस्तूच नाही. शिडीवरून माणसं पडतातच, पण शिडीखाली नुसती उभी राहूनही जायबंदी होतात. एक गृहस्थ तर गादी उलटताना खुब्याचं हाड मोडून बसले होते. तेव्हापासून जपूनराव गादी उलटत नसत. घरात, ऑफिसात, लिफ्टमध्ये कुणी नुसतं खुर्चीवरून उठलं तरी त्यांच्या तोंडून आपसूक निघे, "जपून!" हे नाव त्यांना आईवडलांनी ठेवलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच. इमारतीतल्या लोकांनी ते बहाल केलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

अशा माणसाच्या हातात एका सकाळी चौतीस किलोच्या कुत्र्याची दोरी आली.

कुत्र्याचं नाव पिल्लू. नाव ठेवताना जरा पुढचा विचार करावा असं जपूनराव तेव्हाच म्हणाले होते, पण तेव्हा ते बुटांच्या खोक्यात मावत होतं आणि बायकोनं त्यांचं ऐकलं नव्हतं. आता वर्षही पुरं झालं नव्हतं आणि पिल्लू मागच्या पायांवर उभा राहिला की त्याची जीभ जपूनरावांच्या चष्म्याला लागे. स्वभावानं तो लोण्याचा गोळा होता. जगातली प्रत्येक व्यक्ती आपल्याला भेटण्यासाठीच घराबाहेर पडली आहे, अशी त्याची समजूत होती, आणि त्या व्यक्तीला ताटकळत ठेवणं त्याच्या संस्कारात बसत नव्हतं.

त्याला फिरवायचं काम बायकोचं. भीती या खात्यात तिचं कधी नावच नव्हतं. टेबलावर स्टूल ठेवून ती पंखा पुसायची. झुरळ निघालं की जपूनराव पलंगावर उभे राहून ते कुठल्या दिशेला गेलं एवढं जाहीर करत, बाकीचं ती चपलेनं बघून घ्यायची. पण एके दिवशी रस्त्यावरून एक रिकामी प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्यावर तरंगत गेली, पिल्लूला तिच्यात आपल्या जन्माचं सार्थक दिसलं, आणि बायको पदपथाच्या कडेला हातावर आपटली. उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर चढलं, उतरलं. डॉक्टर म्हणाले, झालं, आता पूर्वीसारखं हिंडा-फिरा. पण ती खाली उतरेना. आधी म्हणाली, अजून जरा दुखतंय. मग म्हणाली, बूट चावतात. मग कारण सांगणंच बंद झालं. ती दारापर्यंत यायची, चौकट धरायची, जिन्याकडे बघायची आणि म्हणायची, "आज नको."

हे जपूनरावांना परवडणारं नव्हतं. घरात एक भित्रा माणूस असला की घर चालतं. त्याला हसायला, त्याच्यावर खेकसायला आणि हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायला दुसरं माणूस असतं. दोघंही भित्री झाली तर रस्ता ओलांडणार कोण? आजवर ते हजार गोष्टींना घाबरले होते, पण त्या हजारही गोष्टी बाहेरच्या होत्या. ही भीती घरात येऊन चौकट धरून उभी राहिली होती.

म्हणून त्यांनी दोरी हातात घेतली. पहिल्याच फेरीत त्यांनी एका दिव्याच्या खांबाला जी मिठी मारली, तशी लग्नानंतर कुणालाही मारली नव्हती. त्या एका खांबामुळे ते आवारात राहिले, नाहीतर कुठल्या कुठे गेले असते. परत येताना पिल्लूनं इमारतीच्या सेक्रेटरींना पाहिलं आणि ओळख वाढवण्यासाठी दोन्ही पंजे त्यांच्या छातीवर ठेवले. सेक्रेटरींच्या हातात अंड्यांची पिशवी होती. होती, म्हणजे तोवर होती.

सेक्रेटरी हे किडकिडीत, टापटिपीचे गृहस्थ. चष्मा दोरीनं गळ्यात, फाईल काखेत. ते रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या कामाच्या पद्धतीत नव्हतं. शर्टावरचा पिवळा बलक रुमालानं टिपत ते म्हणाले, "येत्या मीटिंगमध्ये विषय घेतो. कुत्रा ठेवायचा की नाही."

घरी येऊन जपूनरावांनी हे बायकोला सांगितलं. ती पिल्लूच्या कानामागे खाजवत बसली. आणि जपूनरावांना स्पष्ट दिसलं की हा कुत्रा गेला, तर ही बाई जिना कशासाठी उतरणार? दळणाला?

सल्ले मागावे लागले नाहीत. ते आपल्या पायांनी चालत आले. समोरच्या घरात राहणारे दातांचे डॉक्टर म्हणाले, "ओढतो ना? आधी दात दाखवा." दातांपलीकडे त्यांना कुठलाही प्राणी ठाऊक नव्हता. वरच्या मजल्यावरच्या योगाच्या बाईंनी कुत्र्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवायला सांगितलं. जपूनरावांनी प्रयत्न केला आणि त्यांना चक्कर आली. ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवाल्यानं सुचवलं की कुत्र्याच्या पाठीवर विटांची पिशवी बांधा, म्हणजे जोर कमी होतो. या गृहस्थांकडे कुत्रा नव्हता. विटा होत्या, घराचं काम चाललं होतं.

शेवटी जपूनराव पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार उतरत्या मिशांचा, उदास चेहऱ्याचा माणूस होता. "किती ओढतो?" असं त्यानं डॉक्टर 'किती दुखतं?' विचारतात त्या सुरात विचारलं. जपूनरावांनी बाही वर करून कोपर दाखवलं. दुकानदारानं समजून मान हलवली आणि आधी एक साखळी काढली.

"ही ओढल्यावर आवळते. मग कुत्रा ओढत नाही."

"आणि श्वास?"

"तोही जरा बेतानंच घेतो."

जपूनरावांनी साखळी दोन बोटांनी दूर सारली. मग छातीवरून जाणारा गुबगुबीत पट्टा आला.

"हा आरामशीर. कुत्र्यांना फार आवडतो."

"मग यानं ओढत नाही?"

"ओढतो. आरामात ओढतो."

दुकानदार प्रामाणिक होता, त्यामुळेच बहुधा उदास होता. शेवटी त्यानं खणातून बारीक पट्ट्यांचं एक प्रकरण काढून काचेवर ठेवलं. "हेड कॉलर. एक पट्टी मानेवर, कानांमागून. दुसरी नाकावरून. दोरी हनुवटीखाली अडकवायची. कुत्र्याचा जोर छातीत असतो साहेब, नाकात नसतो. नाक वळलं की कुत्रा वळला."

"म्हणजे मुसकं?"

"छे हो! मुसक्यानं तोंड बंद होतं. यात सगळं करता येतं. खातो, पितो, भुंकतो, जांभई देतो."

"चावतो?"

"चावरा असेल तर चावतो," दुकानदार म्हणाला. "पण एक सांगतो. हे घालून त्याला धावू द्यायचं नाही आणि हिसका द्यायचा नाही. मान लचकते."

एवढं ऐकल्यावर साधा माणूसही विचारात पडला असता. जपूनराव तर अपघात विभागातले. त्यातही तीन तऱ्हा निघाल्या. एकीत दोरी हनुवटीखाली, एकीत मानेमागे, आणि एक पट्टी आठाच्या आकड्यासारखी नाकाभोवती फिरणारी. प्रत्येकीनं काय काय होऊ शकतं, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. डोळ्यात जाईल का? नाकाचे केस झिजतील का? दोरी फाटकात अडकली तर? मागे उभ्या असलेल्या बाईंचा मासा पिशवीतल्या पाण्यात फेऱ्या मारून थकला. अखेर त्यांनी नाकाखाली मऊ अस्तर असलेली, हनुवटीखाली कडी असलेली निवडली. दुकानदारानं माप विचारलं. माप घ्यायला म्हणून त्यांनी आदल्या दिवशी शिंप्याची टेप आणली होती, पण ती पिल्लूनं खाल्ली होती. अंदाजानं मोठीच घेतली.

घरी आल्यावर त्यांना प्रश्न पडला की हे कितपत आवळतं हे कुत्र्याला विचारणार कसं? मुक्या जनावरावर काही लादण्याआधी ते स्वतः सोसून पाहणं त्यांना न्यायाचं वाटलं. बायको गॅलरीत होती. जपूनराव आरशासमोर बसले, एक पट्टी कानांमागून घेतली, एक नाकावर चढवली, हनुवटीखाली दोरी अडकवली आणि मानेमागची कडी दाबली. कडी टच्कन बसली आणि मग निघेना. त्यांनी दाबून पाहिली, ओढून पाहिली. पिल्लू शेपटी हलवत भोवती नाचत होता. या घरात शेवटी कुणीतरी शहाण्यासारखं वागतंय, असा त्याला आनंद झाला होता. आणि तेवढ्यात बेल वाजली.

बेल वाजली की दार उघडायचं, ही जन्माची सवय. दारात सेक्रेटरी मीटिंगची सूचना घेऊन उभे होते. त्यांनी जपूनरावांच्या नाकाकडे पाहिलं, मग कानांकडे, मग हनुवटीखाली लोंबणाऱ्या दोरीकडे.

"तपासत होतो," जपूनराव म्हणाले. म्हणजे तोंड पूर्ण उघडत होतं. दुकानदार खोटं बोलला नव्हता.

"घरात कुणी कुणाला काय बांधावं, हा सोसायटीचा विषय नाही," सेक्रेटरी सूचना पुढे करत म्हणाले. "फक्त जिन्यात असं येऊ नका. मुलं असतात."

दार लागल्यावर जपूनरावांना भिंतीत जाऊन बसावंसं वाटलं. मागे वळले तर बायको उभी. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसली. मनगट मोडल्यापासून पहिल्यांदा हसली, इतकी की भिंतीला टेकावं लागलं. "अहो, ही तर म्होरकी! बैलाला घालतात तशी." मग डोळे पुसत तिनं डाव्या हातानं कडी सोडवली. त्या हसण्यासाठी आणखी तासभर म्होरकीत बसायची जपूनरावांची तयारी होती, पण तसं बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

नाव पडलं ते पडलं. म्होरकी.

पिल्लूला तिची सवय लावायचं काम बायकोनं घेतलं. कुत्र्यावर एकदम काही चढवायचं नसतं. आधी वास द्यायचा, मग पट्टीच्या फासात त्यानं आपण होऊन नाक घातलं की पलीकडून बिस्कीट द्यायचं. फास ती धरायची, बिस्कीट जपूनराव द्यायचे. हुकमाचा शब्द ठरला होता 'ये'. पण प्रत्येक वेळी ते काळं नाक फासाजवळ आलं, की पट्टी डोळ्यात जाईल या धास्तीनं जपूनरावांच्या तोंडून निघे, "जपून!" त्यामागोमाग बिस्कीट. जपून, बिस्कीट. जपून, बिस्कीट. शंभर वेळा झालं असेल. 'ये' हा शब्द पिल्लूच्या कानावरही आला नाही, आणि आपण त्याला काय शिकवून बसलो याचा दोघांनाही पत्ता नव्हता. पिल्लूच्या लेखी मात्र हिशेब साफ होता. जो माणूस 'जपून' म्हणतो त्याच्याजवळ बिस्कीट असतं, आणि ते मिळवायचं तर त्याच्याजवळ जाऊन जे भोक दिसेल त्यात नाक घालायचं.

म्होरकी घालून पहिली फेरी झाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. नाक वळलं की कुत्रा वळला. खांब आला, गेला. जपूनरावांनी त्याच्याकडे ओळखीचंसुद्धा पाहिलं नाही. कोपऱ्यापर्यंत जाईतो आपल्याला कशाचीच भीती वाटत नाहीये असं त्यांच्या लक्षात आलं, आणि ते इतकं नवीन होतं की ते घाबरले.

घाबरायला उशीर झाला नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि आत योगाच्या बाई, काखेत चटईची गुंडाळी.

"अगबाई! मुसकं? चावायला लागला का हो?"

"मुसकं नाही, म्होरकी आहे. तो चावत नाही."

"नाही ना? जपून हं, जपून धरा," बाई म्हणाल्या आणि मागे सरकल्या.

पिल्लूचे कान उभे राहिले. त्यानं बाईंना नीट न्याहाळलं, गुंडाळलेल्या चटईचं गोल भोक पाहिलं आणि त्यात डोळ्यांपर्यंत तोंड घातलं. बाईंची किंकाळी पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. संध्याकाळपर्यंत इमारतीत बातमी झाली की जपूनरावांचा कुत्रा योगाच्या बाईंना चावला, आणि मुसकं होतं म्हणून हात वाचला.

त्यानंतर त्यांचं खाली उतरणं म्हणजे फौज उतरण्यासारखं झालं. आया पोरांना ओढून घेत आणि म्हणत, "जपून रे!" म्हातारे काठी आडवी धरून म्हणत, "जपून, जपून!" आणि प्रत्येक 'जपून'सरशी पिल्लू उमेदीनं त्या दिशेला झेपावे. लोक भितात म्हणून कुत्रा जातो, कुत्रा जातो म्हणून लोक भितात. आणि मधे दोरीला जपूनराव. घरी मात्र तो शहाण्यासारखा वागायचा. आपल्या हातात काही पाप आहे का, असंही त्यांना वाटून गेलं. दोरी हातातून सुटली तर काय, या विचारानं त्यांची झोप उडाली, तेव्हा त्यांनी दोरीचं टोक आपल्या कमरेच्या पट्ट्यात ओवायला सुरुवात केली. हात दगा देतील, कंबर देणार नाही, असा त्यांचा विचार.

गैरसमज दूर व्हावा म्हणून त्यांनी फलकावर कागदही लावला: 'पिल्लूच्या तोंडावर आहे ती म्होरकी असून मुसकं नाही. कुत्रा चावत नाही.'

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना जिन्यात गाठलं. "काढा तो कागद. अहो, माझ्या दवाखान्यावर 'दुखत नाही' असं लिहिलंय. कुणी विश्वास ठेवतं का?"

रविवारी सकाळी खाली, गाड्या लावतात त्या जागेत, मीटिंग भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. निघताना जपूनराव बायकोला म्हणाले, "तू चल ना. तू असलीस की तो ऐकतो."

ती दारापर्यंत आली. चौकट धरली. "मी वरून बघते ना," ती म्हणाली. हे म्हणताना तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, आणि जपूनरावांना आणखी आग्रह करवला नाही.

सेक्रेटरींनी विषय वाचला. ठराव असा, की चावरा प्राणी आवारात ठेवू नये. जपूनराव उठले. वर गॅलरीत ती उभी होती. "मंडळी," ते म्हणाले, "हे मुसकं नाहीच. यात तोंड बांधलं जात नाही. बघा." आणि ज्या माणसानं आयुष्यात गादी उलटली नव्हती, त्यानं आपला उजवा हात मनगटापर्यंत पिल्लूच्या तोंडात घातला.

पिल्लू गोंधळला. यात बिस्कीट नव्हतं. त्यानं तो हात पाहुण्याचा मान राखावा तसा थोडा वेळ तोंडात धरून ठेवला आणि मग मोठी जांभई दिली.

"डॉक्टर," सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही जाणकार आहात. जरा खात्री करा."

दातांचे डॉक्टर या क्षणाची कधीपासून वाट पाहत होते. त्यांनी ओठ वर केला, बोटानं मोजलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बेचाळीस! आपल्यापेक्षा दहा जास्त. सुळे अप्रतिम. जबडा पूर्ण उघडतो, काही अडथळा नाही."

जपूनरावांनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय सिद्ध केलंय.

"म्हणजे तोंड बांधलेलंच नाही?" कुणीतरी म्हणालं.

"एवढे दिवस चावरा कुत्रा मोकळ्या तोंडानं फिरतोय?"

"बेचाळीस!" योगाच्या बाई खुर्चीवर चढल्या. "पोरांना घ्या! जपून! जपून!"

मग चारी बाजूंनी एकच गिल्ला झाला. जपून! अरे जपून! आजोबा, जपून! पिल्लूच्या आयुष्यात असा दिवस उगवला नव्हता. सगळी इमारत त्याला बिस्किटं देऊ करत होती. कुणालाही नाराज करायचं नाही असं ठरवून तो सुटला. एका खुर्चीच्या हाताखालच्या भोकात नाक घातलं, एका काठीच्या मुठीत घातलं, सेक्रेटरींच्या चष्म्याच्या दोरीत घातलं. सेक्रेटरी फाईलसकट एका स्कूटरवर उभे राहिले. आणि या सगळ्या भेटीगाठींना पाठोपाठ जपूनराव. कारण कंबर दगा देणार नव्हती.

कमरेनं दिला नाही. कमरेच्या पट्ट्यानं दिला. तो लग्नातला होता. भोकापाशी फाटला, दोरीसकट कुत्र्याबरोबर गेला, आणि जपूनरावांनी दोन्ही हातांनी पॅन्ट धरली.

फाटक सताड उघडं होतं. कुणाचं तरी कपाट घेऊन आलेला टेम्पो रिव्हर्समध्ये आत येत होता, पलीकडे रस्ता वाहत होता. पिल्लू म्होरकीत धावत होता, दोरी आणि पट्टा पायांत फरफटत होता, आणि दुकानदारानं सांगितलेलं ते मानेचं वाक्य जपूनरावांच्या कानात वाजत होतं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं.

फाटकाच्या तोंडाशी बायको उभी होती. ती वरून धावत आली होती, पायांत चपला नव्हत्या. पिल्लू रस्त्यावर जाऊ नये म्हणून दोन्ही हात पसरून उभी होती. त्यात ते उजवं मनगटही होतं. पिल्लूनं तिला पाहिलं. ती! खाली! इतक्या दिवसांनी! त्यानं बाकी सगळी बिस्किटं सोडून दिली आणि चौतीस किलोंनिशी तिच्याकडे झेप घेतली. तिच्या मागे टेम्पो.

जपूनरावांना धावता येईना. हात सोडता येईनात. त्यांच्याजवळ होता तो एक आवाज, आणि त्या आवाजाजवळ होता तो एक शब्द. बेंबीच्या देठापासून ते ओरडले, "अगं, जपूऽऽन!"

तिनं ऐकलं नाही. ती तशीच उभी राहिली.

पिल्लूनं ऐकलं. चारी पाय फरशीत रोवून तो घसरत थांबला, इतका जवळ की तिच्या साडीला त्याचं नाक लागलं. मग गर्रकन वळला. इतर लोकांची बिस्किटं खोटी निघाली होती. पण हा आवाज खात्रीचा होता. तो तुरुतुरु जपूनरावांपाशी आला, समोर बसला आणि नाक वर करून वाट पाहू लागला.

टेम्पो थांबला. जपूनरावांनी एका हातानं पॅन्ट सांभाळली, दुसऱ्या हातानं खिशातून बिस्कीट काढलं. पिल्लूनं ते हवेतच टिपलं.

बायको चालत आली. धाप लागली होती. "इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "तुमचं हे पहिल्यांदाच कुणीतरी ऐकलं."

"तू खाली आलीस?"

तिनं जिन्याकडे पाहिलं, जणू दुसरंच कुणी उतरून आलं होतं. "आले की," ती पुटपुटली.

स्कूटरवरून सेक्रेटरींनी घसा साफ केला. "त्या शब्दावर थांबतो का तो?" त्यांनी विचारलं. मग अधिकृत खात्री करावी म्हणून दबक्या आवाजात म्हणाले, "जपून." पिल्लू लगेच स्कूटरपाशी गेला आणि लोंबत्या चष्म्याच्या दोरीत नाक घालून थांबला. जपूनरावांनी वर हात करून सेक्रेटरींना बिस्कीट दिलं. सेक्रेटरींनी डोळे मिटून ते पुढे केलं. डोळे उघडले तेव्हा बिस्कीट गेलेलं होतं आणि पाचही बोटं शाबूत होती. ती त्यांनी दोनदा मोजली.

कुत्रा ठेवावा असं ठरलं. फलकावर जपूनरावांच्या कागदाच्या जागी सेक्रेटरींचा कागद लागला. तो अजूनही तिथे आहे: 'आवारात "जपून" हा शब्द बिस्कीट जवळ असल्याखेरीज कोणीही उच्चारू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको दारापर्यंत आली. चौकट धरली. जपूनराव दोरी धरून उभे होते. तिनं चौकट सोडली आणि हात पुढे केला. "द्या ती दोरी."

"भीती नाही वाटत?"

"वाटते," ती म्हणाली. "द्या."

तिनं दोरी डाव्या हातात घेतली आणि फाटकाबाहेर पडल्यावर उजव्या हातात. जपूनराव दोन पावलं मागे. पदपथाची ती कड आली, जिथे ती पडली होती. आणि वारा सुटला. कुठून कोण जाणे, एक प्लॅस्टिकची पिशवी तरंगत रस्त्यावर आली. पिल्लूचे कान उभे राहिले.

जपूनरावांचं तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर आला, जन्मभर येत होता तसा. पण तो बाहेर पडला असता तर पिल्लू गर्रकन मागे वळला असता आणि त्या मनगटाला हिसका बसला असता. साऱ्या जगाला सावध करणारा तो एकच शब्द, आणि नेमका आज तोच काढायचा नव्हता. आता घाबरायचं ते मुकाट्यानं घाबरायचं होतं. त्यांनी खिशात हात घातला, कुत्र्याचं बिस्कीट काढलं आणि स्वतःच्या तोंडात कोंबलं.

पुढे बायकोनं दोन बोटांनी दोरी अलगद वळवली. नाक वळलं, कुत्रा वळला. पिशवी निघून गेली. ती चालत राहिली. मागे वळून तिनं पाहिलंसुद्धा नाही.

बिस्कीट बेचव होतं. समोर चौक दिसत होता, चारी बाजूंनी गाड्या येत होत्या. जपूनरावांनी दुसरं काढलं.